परदेशी निघालात? आधी पॉलिसीचं चौथं पान उघडा

मागच्या वेळी व्हिसाच्या कागदपत्रांबद्दल लिहिताना "आणि हो, ट्रॅव्हल इन्शुरन्स विसरू नका" असं एका ओळीत उरकलं होतं, तर सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. बरंच झालं. मी बावीस वर्षं क्लेम डिपार्टमेंटला काढलीत, म्हणजे लोकांनी पॉलिसी घेताना काय घोळ घातला हे मला कायम नको त्या वेळी कळायचं, त्यामुळे या विषयावर माझं जरा जास्तच बोलणं होईल, सांभाळून घ्या. पत्रांतली नावं काढलीयेत, गावं ठेवलीयेत.

ताई, मुलगी न्यू जर्सीत असते, तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी चाललोय. माझं वय ६६, ह्यांचं ७१. ह्यांना बीपी, शुगर दोन्ही आणि सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये. ओळखीतला एजंट म्हणतो फॉर्मवर 'आजार नाही' असंच टाका, उगाच प्रीमियम वाढतो. जावई म्हणतात इथून नको, तिकडची पॉलिसी काढू. काय करावं? (नाशिक)

काकू, आधी त्या एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा. तो वाईट माणूस असेल असं नाही, पण क्लेमच्या वेळी तो तुमच्या शेजारी उभा नसणार, तुम्ही एकट्याच असणार.

हे कसं होतं ते सांगते. समजा काकांना तिकडे रात्री छातीत दुखलं, मुलीने इमर्जन्सीत नेलं. तिथली नर्स पहिल्यांदा काय विचारते, तर कुठल्या गोळ्या चालू आहेत, आधी काही झालंय का. काका खरं सांगणार, आणि सांगायलाच पाहिजे, नाहीतर डॉक्टर भलतंच औषध देतील. ते सगळं हिस्टरी म्हणून लिहिलं जातं आणि क्लेमबरोबर तोच कागद कंपनीच्या टेबलावर येतो. माझ्या टेबलावर अशी एक फाईल आलेली, फॉर्मवर सगळीकडे 'नो', 'नो', 'नो' आणि डिस्चार्ज समरीच्या पहिल्याच ओळीत 'बारा वर्षांपासून रक्तदाब'. गृहस्थ ॲडमिट झाले होते न्यूमोनियासाठी, बीपीचा तसा काही संबंध नव्हता, तरी माहिती लपवली म्हणून क्लेम फेटाळला गेला, आणि मुलगा हप्त्या-हप्त्याने बिल फेडत बसला. मला आजही वाटतं की ते जरा जास्त कडक झालं, पण कागदावर आमच्या बाजूने सगळं बरोबर होतं आणि तिथेच गाडी अडते.

तेव्हा बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी, सगळं वर्षासकट लिहा. प्रीमियम वाढेल, एखादी कंपनी नाही म्हणेल, मग दुसरी बघा. पण हेही समजून घ्या की नुसतं लिहिलं म्हणजे सगळं कव्हर झालं असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसीत आधीपासूनचा आजार फक्त 'जिवावर बेतलं तर'च धरतात, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत. अमेरिकेतल्या व्हिजिटर पॉलिसीत याला 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' म्हणतात, म्हणजे आजार अचानक, आधी काही चाहूल न लागता उसळला आणि ठरलेल्या वेळात, बहुतेक ठिकाणी चोवीस तासांत, दवाखाना गाठला तरच. आणि सत्तरीनंतर ही रक्कम बऱ्याच प्लॅनमध्ये खूप खाली येते, काका ७१ चे आहेत म्हणून हे मुद्दाम बघा. रोजच्या गोळ्या, रूटीन चेकअप, दात, चष्मा यातलं काहीच मिळत नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या इथूनच घेऊन जा, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटात, डब्यात सुट्ट्या करून नाही.

आता इथली की तिकडची. इथली पॉलिसी निघायच्या आधी काढावी लागते, तिकडे पोहोचल्यावर सहसा मिळत नाही. स्वस्त असते, पण साठीच्या पुढे बऱ्याच प्लॅनमध्ये सब-लिमिट असतात, म्हणजे वर पन्नास हजार डॉलरचा आकडा मोठ्या अक्षरात आणि आत बारीक अक्षरात रूमला दिवसाला इतके, आयसीयूला इतके, सर्जनला इतके. सब-लिमिट नसलेला प्लॅन मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या, नाहीतर तो मोठा आकडा नुसता शोभेचा. तिकडच्या पॉलिसीत दोन जाती आहेत. एक 'फिक्स्ड बेनिफिट', ही स्वस्त असते आणि प्रत्येक गोष्टीला ठरलेले पैसे देते, बिल कितीही येवो. दुसरी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', यात आधी डिडक्टिबल, म्हणजे बिलातली ठरलेली सुरुवातीची रक्कम, तुमच्या खिशातून, मग साधारणपणे पहिल्या पाच हजार डॉलरच्या ऐंशी टक्के आणि त्यापुढे मर्यादेपर्यंत सगळं, शिवाय तिकडच्या हॉस्पिटलांच्या नेटवर्कमध्ये असते त्यामुळे बिल परस्पर जायची शक्यता जास्त. जावई जर दुसरी म्हणत असतील तर जावयांचं ऐका. पहिली म्हणत असतील तर नका ऐकू.

आणि काकू, "तिकडे पैसे नसले तर दारातच उभं करतील" या भीतीने रात्रभर जागू नका. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, पैसे असोत नसोत, तपासून त्याची तब्येत स्थिर करायलाच लागते. प्रश्न नंतरचा आहे. बिल नंतर येतं, आणि एक येत नाही, हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, तुम्ही नाशिकला परत येऊन दिवाळीचा फराळ करत असता आणि मुलीच्या पत्त्यावर अजून पाकिटं येत असतात. ॲडमिट होऊन दोन-तीन दिवस राहिलं तरी आकडा हजारो डॉलरमध्ये सहज जातो. म्हणून काकांसाठी एक लाख डॉलरच्या खाली जाऊ नका, जमलं तर अडीच लाख. आणि साधा ताप-खोकला, पाय मुरगळला असं असेल तर इमर्जन्सीत न जाता 'अर्जंट केअर' नावाचे दवाखाने असतात तिथे जा, बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, मुलीला आजच जवळचं विचारून ठेवा.

सहा महिन्यांचं म्हणताय तर पॉलिसी निघायच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत हवी, तिकीट पुढे ढकललंत तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्या. संपल्यावर फोन केला की गोड बोलतात पण वाढवत नाहीत.

आम्ही आजवर नऊ परदेश दौरे केले, दर वेळी इन्शुरन्स घेतला, एकदाही एक रुपया परत मिळाला नाही. म्हणजे हा सगळा कंपन्यांचा धंदाच नाही का? (पुणे)

धंदाच आहे, समाजसेवा कुणी म्हटलंय. पण तुमचा हिशोब जरा उलटा आहे, नऊ वेळा घरी धडधाकट परत आलात याचं वाईट वाटून घेताय.

तरी तुमच्या पत्रात एक मुद्दा आहे तो मी मान्य करते. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये विकताना ज्या गोष्टी पुढे करतात, बॅग उशिरा आली, फ्लाईट लेट झाली, पासपोर्ट हरवला, त्या सगळ्या त्रासाच्या असतात पण त्याने घर विकायची पाळी येत नाही. त्यासाठी मी तरी जास्त पैसे देणार नाही. घर विकायची पाळी येते ती हॉस्पिटलच्या बिलाने, आणि माणसाला स्ट्रेचरवरून, सोबत डॉक्टर-नर्स देऊन विमानाने परत आणावं लागलं तर, आणि अभद्र बोलतेय पण माणूस तिकडेच गेला तर. शव आणायचं म्हणजे तिथला मृत्यूचा दाखला, शव टिकवण्याच्या प्रक्रियेचं सर्टिफिकेट, आपल्या वकिलातीचं ना-हरकत, पासपोर्ट रद्द करणं, मग विमानाचं कार्गो बुकिंग, आणि हे सगळं ज्याला करायचं असतं तो आधीच रडून बसलेला असतो. चांगल्या पॉलिसीत हे काम करणारी एक असिस्टन्स कंपनी असते, चोवीस तास फोन उचलणारी. खरं सांगायचं तर मी आता स्वतः जाते तेव्हा त्या फोनसाठी पैसे देते.

तर पुढच्या दहाव्या दौऱ्याला बॅगेचं-बिगेचं कव्हर कमीत कमी ठेवा, मेडिकलचा आकडा वाढवा, प्रीमियम जवळपास तेवढाच बसेल. चार दिवस दुबई-सिंगापूर आहे म्हणून सोडून देऊ नका, सिंगापूरला परदेशी माणसाला सरकारी सबसिडी नसते, पूर्ण भाव लागतो.

युरोप टूरला निघालोय, टूरवाले म्हणतात इन्शुरन्स आमच्यात इन्क्लुडेड आहे. मग मी वेगळा कशाला घेऊ? (ठाणे)

घेऊ नका, पण सर्टिफिकेट मागून घ्या, तुमच्या नावाचं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातले बरेच देश मिळून जो एकच व्हिसा चालवतात त्याला, कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, राहायच्या सगळ्या दिवसांचं, आणि उपचार, परत आणणं, मृत्यू हे त्यात धरलेलं. ३०,००० युरो म्हणजे आपले तीस लाखांच्या आसपास किंवा थोडे वरच. बहुतेक टूरवाले बरोब्बर तेवढंच किंवा थोडं जास्त घेतात कारण व्हिसाला तेवढं पुरतं. तुमचं वय पस्तीस असेल तर चालेल, पासष्ट असेल तर वाढवून मागा, फरक भरायची तयारी दाखवलीत की करून देतात. आणि टूरमध्ये लंडन असेल तर बघा, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही (स्वित्झर्लंड आहे), फक्त शेंगेनपुरती पॉलिसी लंडनला कामाची नाही. ब्रिटनला व्हिजिटर व्हिसासाठी इन्शुरन्स लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तिकडे इमर्जन्सी विभागात तपासलं तेवढं फुकट, ॲडमिट केलं की आपल्यासारख्या पाहुण्याकडून सरकारी हॉस्पिटल खर्चाच्या दीडपट घेतं.

व्हिसा नाकारला तर प्रीमियम बहुतेक कंपन्या थोडे पैसे कापून परत देतात, पॉलिसी सुरू व्हायच्या आत नकाराचं पत्र पाठवायचं.

मुलाकडे जर्मनीला जाताना माझी बॅग आलीच नाही. त्यात चकल्या, चिवडा, लाडू, नव्या सुनेसाठी घेतलेली पैठणी आणि एक सोन्याची वाटी होती. इन्शुरन्सवाल्यांनी सोन्याचं काहीच द्यायचं नाही म्हणून सांगितलं. असं कसं? (कोल्हापूर)

सोन्याची वाटी चेक-इन बॅगेत? अहो मावशी!

असंच असतं ते. दागिने, रोख पैसे, लॅपटॉप, मोबाईल हे चेक-इन बॅगेतून गेलं तर जवळजवळ कुठलीच पॉलिसी देत नाही, ते अंगावर किंवा हातातल्या बॅगेत. पण तुम्ही एक दार ठोठावलंच नाहीये. बॅग हरवली की पहिली जबाबदारी विमान कंपनीची, इन्शुरन्सची नंतर. माँट्रियल करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही २००९ पासून त्यात आहे, त्यात हरवलेल्या, तुटलेल्या, उशिरा आलेल्या बॅगेची जबाबदारी माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) या रकमेपर्यंत आहे, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर (हा आकडा २०२४ च्या डिसेंबर अखेरीपासूनचा, आधी १२८८ होता). ही वरची मर्यादा झाली, आपोआप सगळे मिळत नाहीत, काय होतं आणि केवढ्याचं होतं ते दाखवावं लागतं. पैठणीचं बिल आहे ना? ते जोडा.

एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधी बॅगेच्या काउंटरवर तक्रार लिहून 'पीआयआर' नावाचा कागद घेतला होतात का? तो आणि बोर्डिंग पासवर चिकटवलेला बॅगेचा टॅग, हे दोन नसतील तर विमानवाले आणि इन्शुरन्सवाले दोघंही हात वर करतात. तुटली असेल तर ७ दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली तर हातात मिळाल्यापासून २१ दिवसांत, आणि २१ दिवस झाले तरी आली नाही की हरवली असं धरतात. लाडवांचं मात्र काही होणार नाही.

आम्ही सहा जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललोय, सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरतोय, फिटनेस चांगला आहे. एजन्सी म्हणते इन्शुरन्स कंपल्सरी आहे. मेडिक्लेम आहे आमच्याकडे, तो चालणार नाही का? (सातारा)

नाही चालणार. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं, म्हणून आपण नेपाळला परदेश समजतच नाही, पण तुमचा मेडिक्लेम बहुतेक भारताच्या हद्दीत संपतो. पॉलिसीत 'टेरिटरी' असा शब्द शोधा, तिथे लिहिलेलं असेल.

आणि साधी ट्रॅव्हल पॉलिसीसुद्धा नाही चालणार, हे मी ठासून सांगते कारण ट्रेकवाल्या मुलांच्या फायली मी पाहिल्यात. कळसूबाई १६४६ मीटर. लुक्लाला विमानातून उतरता तेच २८०० च्या वर. बेस कॅम्प ५३६४ मीटर. साध्या पॉलिसीत ट्रेकिंग एकतर पूर्ण बाहेर असतं किंवा ठरावीक उंचीपर्यंतच आत असतं, काहींत तीन हजार, काहींत साडेचार हजार वगैरे. म्हणजे साडेचार हजारवाल्या पॉलिसीत खाली नामचे बाजारला पाय मोडला तर मिळेल आणि वर बेस कॅम्पजवळ गोरक्षेपला फुफ्फुसात पाणी झालं तर नाही, आणि खरा धोका तर वरच आहे. उंचीचा आजार फिटनेस बघून येत नाही, उलट फिट माणसं भराभर चढतात आणि त्यांनाच धरतो. तेव्हा कंपनीला ईमेल करा, फोन नाही, ईमेल, की "५६०० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग, उंचीचा आजार आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं, हे तिन्ही कव्हर आहे का", आणि उत्तर जपून ठेवा. बेस कॅम्पजवळच्या, त्याहून उंच काला पत्थरला चढणार असाल म्हणून आकडा वरचा सांगितला.

दुसरं, हेलिकॉप्टर. वर रस्ता नाही, याक नाहीतर हेलिकॉप्टर. बऱ्याच पॉलिसीत आधी असिस्टन्स कंपनीला फोन करून मंजुरी घेतली तरच ते पैसे मिळतात. आणि तिथे एक वेगळाच प्रकारही झालेला आहे, २०१८ मध्ये नेपाळ सरकारने चौकशी केली तेव्हा बाहेर आलं की काही गाईड, हेलिकॉप्टरवाले आणि हॉस्पिटलं संगनमताने डोकं दुखतंय म्हणणाऱ्या ट्रेकरलाही हेलिकॉप्टरमध्ये बसवून इन्शुरन्सला मोठमोठी बिलं लावत होते, एकाच हेलिकॉप्टरमध्ये चौघं आणि बिल चौघांचं वेगवेगळं असलेही प्रकार. त्यानंतर कंपन्या नेपाळच्या क्लेमकडे बारीक डोळ्यांनी बघतात. म्हणून सहापैकी एकाला हे काम द्या, आजारी पडणारा सोडून बाकीच्यांपैकी कुणीतरी फोन करेल, वेळ लिहील, कुणाशी बोललो ते लिहील. अर्थात माणूस निळा पडत चालला असेल तर मंजुरी-बिंजुरी गेली खड्ड्यात, खाली उतरवा, फोन उतरताना करा.

थायलंडला स्कूटर भाड्याने घेऊन पडलो, हात फ्रॅक्चर. क्लेम रिजेक्ट. (पिंपरी)

तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात पण कंपनीचं पत्र जोडलंत ते बरं केलं. त्यात लिहिलंय की तिथे चालणारं लायसन नव्हतं. आपल्या लायसनवर तिकडे गाडी चालत नाही, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आपल्या आरटीओतच मिळतं, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसनवर दुचाकी असली पाहिजे. स्कूटर भाड्याने देणारा काही विचारत नाही, त्याचा धंदा आहे. हेल्मेट नसणं आणि पोटात बिअर असणं याने क्लेम आणखी पडतो, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून मीही विचारत नाही. या केसमध्ये कंपनी बरोबर आहे असं मला वाटतं.

तिकडे लढाईची बातमी आली म्हणून भीतीने आम्ही टूर कॅन्सल केली, 'ट्रिप कॅन्सलेशन' कव्हर होतं, तरी पैसे नाहीत. (छत्रपती संभाजीनगर)

या नावाने फार लोक फसतात. ट्रिप कॅन्सलेशन म्हणजे कुठल्याही कारणाने कॅन्सल असं नसतं, पॉलिसीत कारणांची यादी असते, तुम्ही स्वतः किंवा जवळचं माणूस गंभीर आजारी, मृत्यू, असं. भीती वाटली हे कारण त्यात नाही. युद्ध बहुतेक ठिकाणी बाहेरच ठेवलेलं असतं. व्हिसा मिळाला नाही हेही सहसा नसतं, वेगळं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट निराळी.

आणि जी गोष्ट पॉलिसी घ्यायच्या आधीच जगाला माहीत झाली ती कव्हर होत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला आणि युरोपचं आकाश पाच-सहा दिवस बंद होतं, तेव्हा बातम्या बघून मग पॉलिसी काढायला धावलेल्यांना काही उपयोग झाला नाही. विमान कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली तेव्हा हा प्रश्न सगळ्यांना पडला होता, आणि उत्तर असं की 'एअरलाईन इन्सॉल्व्हन्सी' हे शब्द पॉलिसीत असतील तरच. नसतील तर तिकीट क्रेडिट कार्डावर काढलं असल्यास बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागायचा, तो एक रस्ता असतो. तुम्ही टूरवाल्याकडून मिळेल तेवढा रिफंड सोडवा, इन्शुरन्सच्या मागे लागू नका.

भाऊ सौदीला हेल्पर म्हणून चाललाय, पासपोर्टवर ईसीआर (कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शिक्का) आहे. त्याला ट्रॅव्हल इन्शुरन्स काढू का? (रत्नागिरी)

टुरिस्टांचा नको, तो कामाला जाणाऱ्यासाठी नसतोच. त्याच्यासाठी प्रवासी भारतीय बीमा योजना आहे, ईसीआर पासपोर्टवर आखातात कामाला जाणाऱ्याला ती सक्तीचीच आहे, दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. इतक्या कमी पैशात एवढं कव्हर दुसरं नाही, पण घरच्यांना ती काढलीये हेच माहीत नसतं आणि मग कुणी मागायला जात नाही. तेव्हा पॉलिसीची झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा, नॉमिनी कोण लिहिलाय ते बघा, एजंटनेच भलतं नाव टाकलेलं असू शकतं. दवाखान्याचा इन्शुरन्स सौदीत मालकाने द्यायचा असतो, कार्ड मिळालं की फोटो पाठवायला सांगा. आणि टुरिस्ट व्हिसावर नेतो, नंतर बदलून घेऊ असं कुणी म्हणत असेल तर भावाला पाठवूच नका, तसा गेला तर यातलं काहीच लागू होत नाही.

क्रेडिट कार्डावर ट्रॅव्हल इन्शुरन्स फ्री आहे, पुरेल का? (वाशी)

बहुतेक नाही. त्यातली मोठी रक्कम विमान अपघातातल्या मृत्यूची असते, हॉस्पिटलचं कव्हर एकतर नसतं नाहीतर थोडं असतं, आणि तिकीट त्याच कार्डाने काढलेलं पाहिजे, अमुक दिवसांत कार्ड वापरलेलं पाहिजे अशा अटी. व्हिसाला लागणारं पत्र ते देतील का हे बँकेला विचारा, तिथेच अंदाज येईल.

कंपनीने क्लेम नाकारला आणि आता फोनही घेत नाहीत. कोर्टात जायची ताकद नाही. (नागपूर)

कोर्टाच्या आधी बरंच काही आहे. पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार, ईमेलने, आणि नाकारण्याचं कारण पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली ते लेखी मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन. आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात त्यांची ऑफिसं आहेत, अर्ज ऑनलाइनही होतो. फी नाही, वकील लागत नाही (चालतच नाही), ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे तिथेही तक्रार टाकून ठेवा, नंबर मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

मी टेबलाच्या त्या बाजूला बसत होते म्हणून एक सांगते, लोकपालाकडून पत्र आलं की फाईल खालच्या कारकुनाकडून उठून साहेबाच्या टेबलावर जाते, आणि साहेब ती पहिल्यांदाच नीट वाचतो. तेवढ्याने सुटलेले क्लेम मी पाहिलेत. अर्ज रागात लिहू नका, तारखा लिहा. कुठल्या दिवशी काय पाठवलं, त्यांनी काय उत्तर दिलं, बास. चार पानी भावना वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो.

पॉलिसीची पीडीएफ मोबाईलमध्ये आहे, प्रिंट लागते का? (डोंबिवली)

काढा. मोबाईल चोरीला जातो, चार्जिंग संपतं, आणि बेशुद्ध माणसाच्या मोबाईलचं लॉक कुणाला उघडत नाही. एक प्रिंट पासपोर्टबरोबर, एक बरोबरच्या माणसाकडे, एक घरी. त्यावर असिस्टन्सचा नंबर गोल करून ठेवा, आणि तो परदेशातून लागणारा नंबर आहे ना ते बघा, आपला १८०० वाला टोल-फ्री बाहेरून बहुतेक वेळा लागत नाही. निघायच्या आधी इथूनच एकदा लावून पाहा, कोण उचलतं, किती वेळात उचलतं.

ज्या तिघांनी पॉलिसीचे फोटो पाठवून "कशी आहे सांगा" म्हणून विचारलंय त्यांनी पहिलं पान पाठवलंय, ज्यावर विमानाचं चित्र आणि मोठा आकडा आहे. मला ते नको. आत कुठेतरी, बहुतेक चौथ्या पानाच्या आसपास, 'एक्स्क्लूजन', म्हणजे काय काय कव्हर नाही ते, असं बारीक अक्षरात असेल ते पाठवा, आणि वय पाठवा, मग पुढच्या अंकात बोलू.